नागपुरातलं हजार फुटांचं पत्र्याचं वर्कशॉप: एसी, कूलर की हीटर?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही समजेल. नागपूरच्या बाहेर हिंगण्याच्या बाजूला तुमची ४० बाय २५ ची शेड आहे, मधोमध उंची १४ फूट, वर साधा जीआय पत्रा, तीन बाजूंनी ९ इंची विटांची भिंत आणि समोर १० फुटी रोलिंग शटर. अर्ध्या भागात सुतारकाम, अर्ध्या भागात जुन्या मोटरसायकली खोलून परत उभ्या करायचं काम. दुकानदारानं २-२ टनाचे दोन एसी सांगितले, मिनेसोटातला चुलतभाऊ म्हणतो गरम-थंड दोन्ही करणारा हीट पंप घे, आणि घरचे म्हणतात एवढा खर्च कशाला, कूलर लावा. आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी हात गारठतात, गोंद धरत नाही, त्याचं काय, हेही तुम्ही विचारलंय.

मी २६ वर्षं हेच काम करतोय, घरचे कूलर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली आणि आता जास्त करून शेड, गोडाऊन, छोटे कारखाने असलं बघतो. सरळ सांगतो, तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींपैकी एकही पहिली नाही. पहिला पैसा पत्र्यावर घाला. पत्रा तसाच ठेवून खाली काहीही लावलं तरी तुम्ही ते पत्र्यासाठी लावताय, स्वतःसाठी नाही.

का ते बघा. मे महिन्यात दुपारी दोन-तीन वाजता उघडा पत्रा ६५ ते ७० डिग्रीपर्यंत जातो, हात टेकवता येत नाही. तुमचं छत साधारण ९३ चौरस मीटर आहे. बाहेर ४४ डिग्री, आत तुम्हाला २६ हवंय असं धरलं तर नुसत्या छतातून २० ते २२ किलोवॅट उष्णता खाली येते. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढणारं मशीन. म्हणजे सहा टन एसी निव्वळ पत्र्याशी भांडण्यात गेला, भिंती, शटर, माणसं, मोटरी या सगळ्यांचा हिशोब अजून लागायचाच आहे. दुकानदारानं सांगितलेले चार टन कुठून आले ते मला कळतं, त्यांनी घरच्या हॉलचा ठोकताळा लावला असणार, इतक्या फुटाला इतका टन. घराच्या वर स्लॅब असतो, तुमच्या डोक्यावर तवा आहे.

त्याच पत्र्याखाली ५० मिमीचं पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेलं पॅनल, असलं तर त्याच दुपारी हीच उष्णता दोन किलोवॅटच्याही खाली येते, अर्धा टन म्हणा. सहा टनाचा अर्धा टन. या धंद्यात मी एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच एका कामानं पडलेला बघितला नाही. आणि नुसत्या आकड्याची गोष्ट नाही, अंगाला जाणवतं. उघड्या पत्र्याखाली हवा ३२ डिग्री केली तरी डोकं तापतं, टाळूवर कोणीतरी इस्त्री धरल्यासारखं होतं, कारण पत्रा वरून थेट अंगावर उष्णता फेकतो आणि ती हवेतून नाही, किरणांनी येते. लोक म्हणतात थर्मामीटर तर ठीक दाखवतो मग एवढं का भाजतंय, त्याचं उत्तर डोक्यावर आहे.

आता पत्र्याचं काय काय करता येतं. सगळ्यात स्वस्त म्हणजे वरून पांढरा उष्णता परतवणारा कोट. चांगला नवा कोट असेल तर उन्हाचा बराचसा भाग तिथूनच परत जातो, वरच्या २२ किलोवॅटचे साधारण १४-१५ होतात, म्हणजे तिसरा हिस्सा गेला, वाईट नाही. पण नागपूरची धूळ बसून दीड-दोन वर्षांत पांढऱ्याचा मातकट होतो, दर मार्चमध्ये पाणी मारून धुवावा लागतो, आणि पत्र्याला आधी घासून प्राइमर मारला नसेल तर पापुद्रे निघतात. गच्चीवर चुना मारतात तसा पत्र्यावर मारू नका, तो धरत नाही, पहिल्या पावसात धुऊन जातो.

दुसरं म्हणजे आतून बबल शीट, ती अॅल्युमिनियमच्या चकचकीत तोंडाची असते ती. चकचकीत बाजू खाली खोलीकडे ठेवायची, जोड टेपनं पूर्ण बंद करायचे आणि परलिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर, ताणून बसवायची. लोक ढिली लावतात, दोन वर्षांत झोळ्या पडतात, जोडांतून गरम हवा खाली येते आणि मग म्हणतात इन्सुलेशनचा काही उपयोग झाला नाही. तिसरं म्हणजे ग्लासवूल किंवा रॉकवूल, म्हणजे काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची गादी, खाली फॉइल आणि त्याला आधार म्हणून जाळी. चौथं पफ पॅनल, सगळ्यात भारी पण सगळ्यात महाग, जुना पत्रा काढून नवं छत करायचं असेल तरच परवडतं.

तुमच्याकडे एक गोष्ट वेगळी आहे म्हणून मी रॉकवूलच सांगेन. तुम्ही मोटरसायकलींवर ग्राइंडिंग आणि वेल्डिंग करणार, ठिणग्या उडणार, बाजूला लाकडाचा भुसा आणि पेट्रोल. थर्माकोल किंवा उघडा फोम छताला चिकटवू नका, कोणी फुकट देतो म्हटलं तरी नको. पेटला की वितळून थेंब थेंब खाली पडतो आणि धूर इतका विषारी असतो की शटरपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. पफला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो म्हणून जरा बरं, पण आतला फोम जळतोच. रॉकवूल जळत नाही. ५० मिमी घ्या, जमलं तर ७५. लावताना कामगारांना मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांगा, ते तंतू अंगाला खाजतात.

बजेट कमी असेल तर यंदा पांढरा कोट, पुढच्या वर्षी आतून रॉकवूल, हेही चालेल. पण एसी आधी आणि छत नंतर हा क्रम नको.

आता एसी पूर्ण शेडला का नको, याचं दुसरं कारण भुसा. पाच-सहा वर्षांपूर्वी एका फर्निचरवाल्याचा जूनमध्ये फोन आला, एसी चालू आहेत पण गार होत नाही, भिंतीवरून पाणी वाहतंय. जाऊन आतलं युनिट उघडलं तर कॉइल दिसतच नव्हती. बारीक भुसा जाळीतून आत गेलेला, कॉइलच्या दमटपणानं भिजलेला आणि पत्त्यांच्या मधे पीठ मळून लिंपल्यासारखा घट्ट बसलेला. हवा जायला जागा नाही म्हणून मागून बर्फ धरला होता, ड्रेनचा पाइप भुशानं तुंबला होता. धुवायला पूर्ण दिवस गेला, सहा आठवड्यांनी परत तेच. त्यांची काही चूक नव्हती, घरात बसणारं मशीन सुतारकामाच्या हवेसाठी बनवलेलंच नसतं.

आणि डस्ट कलेक्टर, म्हणजे करवतीचा भुसा ओढून घेणारं मशीन. तुम्ही लिहिलंय की कलेक्टर बाहेर ठेवणार, म्हणजे तो आतली हवा ओढून बाहेर फेकणार. तब्येतीसाठी हे एकदम बरोबर, लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसाला आणि नाकाला खरोखर घातक आहे, कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत त्याचं नाव पहिल्या गटात आहे. पण हिशोब बघा. १२०० सीएफएमचा कलेक्टर मिनिटाला १२०० घनफूट थंड केलेली हवा बाहेर टाकतो आणि तेवढीच ४४ डिग्रीची हवा शटरच्या फटीतून आत घेतो. आत २८ ठेवायचं असेल तर फक्त एवढ्यासाठी जवळजवळ तीन टन एसी लागतो. म्हणजे करवत चालू केली की तीन टन गेले. कलेक्टरची हवा बारीक फिल्टरमधून परत आत सोडता येते, पण तो फिल्टर खरंच चांगला हवा आणि वेळेवर साफ करायला हवा, नाहीतर सगळ्यात बारीक, सगळ्यात वाईट धूळ तुम्ही स्वतःच्या तोंडावर मारताय.

म्हणून मोठ्या हॉलला कूलर. घरचे म्हणतात ते बरोबर आहे, फक्त घरच्यासारखा कूलर नाही.

विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे ही आपल्याला मिळालेली देणगीच म्हणा. आपले आजी-आजोबा वाळ्याच्या ताट्या दारात टांगून पाणी शिंपडायचे, विज्ञान तेच. पाण्याचं बाष्प होताना ते हवेतली उष्णता घेऊन जातं, एक लिटर पाणी उडालं की साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता गेली. मेमध्ये दुपारी ४४ डिग्री आणि हवेत १५ टक्के ओलावा असतो तेव्हा ओल्या कापडाचं तापमान, म्हणजे वेट बल्ब, २३ च्या आसपास असतं. चांगलं पॅड त्या ४४ आणि २३ मधला ८० टक्के फरक कापतं, म्हणजे कूलरच्या तोंडातून २७ डिग्रीची हवा येते. ४४ ची २७. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ पर्यंत पारा गेला होता, तसल्या दिवशीही कूलर थकत नाही, उलट हवा जितकी कोरडी तितका तो जोर धरतो. एसीचं नेमकं उलट आहे. एसीच्या स्टिकरवरचा टन बाहेर ३५ डिग्री असताना मोजलेला असतो, नवतप्यात ४५ च्या वर त्याची ताकद कमी होते आणि वीज जास्त खातो. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज त्या दिवशी तो सगळ्यात कमी देतो.

किती मोठा कूलर? तुमच्या शेडचं घनफळ उताराचं छत धरून १३-१४ हजार घनफूट. पत्रा झाकलेला असेल तर तासाला ४० वेळा हवा बदलली की काम होतं, म्हणजे साधारण नऊ हजार सीएफएम. बाजारात १८,००० घनमीटर तासाचा डक्ट कूलर मिळतो, तो १०,५०० सीएफएमच्या आसपास, मोटर १.१ किलोवॅटची. तेवढा एक बस झाला. दिवसाला ८ तास चालवला तर ९-१० युनिट. छत न झाकता सात-आठ टनाचे एसी चालवले तर हाच आकडा ६० युनिटच्या वर जाईल. पत्रा उघडा ठेवणार असाल तर कूलरही दोन लागतील, आणि तरी डोकं तापेलच.

कूलर बसवताना लोक हमखास एक चूक करतात, हवा आत ढकलतात आणि बाहेर जायला रस्ता देत नाहीत. मग अर्ध्या तासात आत दमट होतं, अंगाला चिकचिक, आणि दोष कूलरला. १०,००० सीएफएम आत येत असेल तर तेवढीच बाहेर जायला किमान २० चौरस फूट उघडी जागा पाहिजे. तुमचं १० फुटी शटर दोन फूट वर उचललं की बरोबर २० चौरस फूट होतात. पण सगळी हवा खालूनच गेली तर पत्र्याखाली साचलेली गरम हवा तिथेच बसून राहते, म्हणून निम्मी जागा वर ठेवा, कूलरच्या समोरच्या भिंतीत पत्र्याच्या लगोलग लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचा झरोका, काढा. छतावर वाऱ्यानं फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर असतील तर तेही चालतील, फक्त वारा नसला की ते नुसते शोभेचे, त्यांच्या भरवशावर सगळं सोडू नका.

कूलर शेडच्या बाहेर, उत्तर किंवा पूर्व भिंतीला, पॅडवर पश्चिमेचं ऊन पडणार नाही अशा जागी. आत ठेवून तीच हवा फिरवायची नाही. बाहेरचं डक्ट उन्हात असेल तर त्यालाही इन्सुलेशन करा, नाहीतर २७ ची हवा आत येईपर्यंत ३० होते. आत डक्ट ८-९ फुटांवर ठेवून तीन तोंडं काढा: एक करवतीच्या जागी, एक वर्कबेंचवर, एक बाइकच्या रॅम्पवर. तुम्हाला शेड थंड करायची नाही, तुम्ही जिथे उभे राहता ती जागा थंड करायची आहे. अंगावर वारा लागला की दोन-तीन डिग्री आणखी कमी वाटतं. मात्र जिथे कार्ब्युरेटरचे बारीक जेट मांडून बसता तिथे थेट झोत नको.

सीलिंग फॅनबद्दल: उघड्या पत्र्याखाली १२ फुटांवर लावलेला पंखा वरची भट्टीची हवा खाली आणतो, लावू नका. छत झाकल्यावर लावा.

पाण्याचा हिशोब मात्र नीट करा, हे कोणी सांगत नाही. एवढा कूलर मेच्या दुपारी तासाला सव्वाशे लिटर पाणी पितो. दिवसाला ८०० लिटरच्या आसपास. बोअर असेल तर पाणी बहुतेक जड असणार, पाणी उडून जातं आणि क्षार पॅडवर राहतात, पांढरी खपली धरते आणि हनीकॉम्ब पॅड, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखं दिसणारं पॅड, दोन उन्हाळ्यांत दगड होतं. त्यासाठी टाकीतलं थोडं पाणी सतत बारीक धारेनं बाहेर सोडत राहायचं आणि आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची, डेंग्यूच्या डासासाठीही ते हवंच. बाहेर पडणारं पाणी झाडांना द्या. लाकडी गवताच्या ताट्या स्वस्त असतात, नवीन असताना हवा मस्त देतात, वासही छान येतो, पण दर उन्हाळ्यात बदलाव्या लागतात आणि त्या बसून मधे भोकं पडली की गरम हवा सरळ आत. हनीकॉम्ब घ्या, १०० मिमी जाडीचं तरी घ्या.

आणि हे मनापासून सांगतो, कूलरच्या लाइनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग लावल्याशिवाय तो एक तासही चालवू नका. कूलरचा शॉक लागून माणूस गेला अशा बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात, त्यात लहान मुलंही असतात. पत्र्याची बॉडी, पाणी आणि ओले पाय. पाणी भरताना किंवा पंप हलवताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता कूलरची वाईट बाजू, कारण सुतारकाम आहे. कूलर चालू असताना शेडमध्ये ओलावा ५५ ते ७० टक्के होतो, बाहेर १५ टक्के असताना. लाकूड हा ओलावा पितं. आत बनवलेला दोन फूट रुंदीचा सागवानी टॉप तुम्ही एसीच्या कोरड्या घरात नेऊन ठेवला तर रुंदीत ३ ते ५ मिलिमीटर आकसू शकतो, आणि तुम्ही तो चारही बाजूंनी स्क्रूनं पक्का केला असेल तर फाटणारच. तुमच्या कास्ट आयर्नच्या रंधा मशीनच्या टेबलावर तांबूस गंज येईल, संध्याकाळी मेण किंवा हलकं तेल पुसून कापड झाका. लॅकर मारताना तर कूलर बंदच हवा, दमट हवेत एनसी लॅकर वाळता वाळता पांढरं पडतं, दुधाची साय आल्यासारखं, आणि मग सगळं परत घासा.

म्हणून माझा सल्ला: शेडच्या एका कोपऱ्यात, पश्चिमेचा सोडून, १२ बाय १५ ची खोली काढा. उंची ९ फूट, स्वतःचं छत, चारही बाजूंनी ५० मिमी रॉकवूल पॅनल, घट्ट बसणारं दार, दाराखाली रबर. ह्याला दीड टनाचा गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी पुरतो. तुमचा चुलतभाऊ सांगतोय तो हीट पंप म्हणजे हेच. इथे गोंद लावून क्लॅम्प केलेले जोड ठेवायचे, तयार टॉप ठेवायचे, इंजिन उघडून बेअरिंग बसवायचं, वायरिंग करायचं. करवत, रंधा, ग्राइंडर आत आणायचा नाही म्हणजे कॉइल स्वच्छ राहील, तरी जाळी दर आठवड्याला धुवा. आणि इथे स्प्रे मारायचा नाही. थिनरची वाफ बंद खोलीत साचते आणि साध्या एसीच्या आत ठिणगी पाडणारे भाग असतात. स्प्रेसाठी वेगळा कोपरा, बाहेर फेकणारा एक्झॉस्ट आणि मास्क, ते काम सकाळी आठच्या आत उरकायचं.

कॉम्प्रेसर बाहेर सावलीत ठेवा. ३ एचपीचा कॉम्प्रेसर चालतो तेव्हा सव्वादोन किलोवॅट उष्णता आत सोडतो, आणि आवाज वेगळा.

पावसाळ्यात काय, हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. जुलैत ३१ डिग्री आणि ८० टक्के ओलावा असतो तेव्हा कूलर पाण्यासकट चालवला तर जेमतेम दोन-अडीच डिग्री कमी होतील आणि सगळं चिकट. पंप बंद, नुसता पंखा चालू, तेवढंच. म्हणूनच ठाणे, रत्नागिरी, गोव्याकडच्या लोकांनी हे वाचून डक्ट कूलर घेऊ नका, तुमच्याकडे हवा उन्हाळ्यातही ओली असते, तिथे छत झाकणं, भरपूर वारा आणि छोटी एसीची खोली एवढंच. पुणे-नाशिकला मार्च ते मे कूलर चालतो, पण आपल्याकडच्या इतका जोरात नाही. ऑक्टोबर हीट सगळीकडेच अवघड महिना आहे, त्या महिन्यात दुपारचं काम खोलीत आणि जड काम सकाळी, आम्ही तरी असंच करतो.

आता थंडी. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ डिग्री झालं होतं, पण तसले दिवस मोजकेच. एरवी सहा-सात आठवडे सकाळी ८ ते १२ डिग्री आणि दहा वाजता ऊन आलं की संपलं. एवढ्यासाठी हजार फुटांची शेड गरम करायची नाही. गरम हवा वर जाते, १४ फुटांवर जाऊन बसते, आणि तुमचे पाय फरशीवर गारच राहतात. २ किलोवॅटचा फॅन हीटर तिथे तासभर चालवला तरी काही कळत नाही.

माणसाला गरम करा. वर्कबेंचच्या वर ७ फुटांवर भिंतीला १२०० ते १५०० वॅटचा इन्फ्रारेड हीटर तिरका लावा, ऊन अंगावर पडल्यासारखं लगेच जाणवतं, हवा गरम व्हायची वाट बघावी लागत नाही. खाली उभं राहायला लाकडी फळ्यांचा पाट किंवा जाड रबर मॅट, गारठा निम्मा फरशीतूनच येतो. पण बाइकच्या बाजूला तो हीटर लावायचा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत लांब जाते, लाल तापलेल्या नळीपर्यंत पोचली की भडका. टाकी किंवा कार्ब्युरेटर उघडलं असेल तेव्हा शेडमध्ये कुठलाच लाल होणारा हीटर चालू नको, शटर पूर्ण वर.

कोळशाची शेगडी किंवा गॅसचा उघडा हीटर बंद शेडमध्ये अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणसाला नुसती झोप येते. दर थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेले लोक जातात, कुठल्या ना कुठल्या गावची बातमी असतेच. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं, ते गार पत्र्याला लागून थेंब थेंब तुमच्या मशीनवर पडतं.

गोंदाचं म्हणाल तर पांढरा गोंद १० डिग्रीच्या खाली नीट धरत नाही, जोड उघडला तर आत खडूसारखी पांढरी पूड दिसते, चिकट थरच तयार झालेला नसतो. नुसती हवा गरम करून भागत नाही, लाकूड गरम पाहिजे. बाटली रात्री घरात ठेवा, लाकडाचे तुकडे सकाळी अर्धा तास उन्हात मांडा, मग जोडा आणि क्लॅम्प करून त्या छोट्या खोलीत २२ डिग्रीवर ठेवा. बाहेर ८-१० डिग्री असताना हीट पंप एका युनिटमध्ये तीन युनिटांइतकी उष्णता देतो, आणि आपल्याकडे बाहेरच्या युनिटवर बर्फ धरण्याइतकी थंडी फारशी पडत नाही, त्यामुळे तो कुरकुर न करता चालतो. एसी घेतानाच गरम-थंड दोन्हीचा घ्या, नंतर बदलता येत नाही.

चुलतभावाचं ऐकू नका असं मी म्हणत नाही, त्याच्या जागी तो बरोबर आहे. मिनेसोटात जानेवारीच्या काही रात्री उणे २० च्या खाली जातं, तिथे बऱ्याचदा गॅरेजच्या लाकडी चौकटीच्या भिंतीत आधीच फायबरग्लास भरलेलं असतं, छतावर फूटभर थर असतो, आणि गरम करणं हा तिथला मुख्य प्रश्न. तिथे धूर पाइपनं बाहेर सोडणारा गॅस हीटर किंवा थंड हवामानासाठीचा हीट पंप लागतो आणि तो पूर्ण गॅरेजला पुरतो, कारण डब्बा आधीच बंद केलेला आहे. तुमचा डब्बा अजून उघडा आहे.

विजेचं एकदा बेरीज करून घ्या: करवत २.२, कलेक्टर १.५, कॉम्प्रेसर २.२, कूलर १.१, एसी दीडच्या आसपास. साडेआठ किलोवॅट झाले, हीटर आणि दिवे वेगळे. थ्री फेज घ्या आणि मंजूर भार तेवढा करून घ्या, आणि वायरमनला सांगा की एसी आणि हीटर एकाच फेजवर टाकू नको.

सामान घ्यायच्या आधी एक काम करा. एक साधा थर्मामीटर पत्र्याखाली एक फुटावर टांगा, दुसरा तुमच्या छातीच्या उंचीवर, आणि चार दिवस सकाळी ८, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ ला दोन्ही आकडे वहीत लिहा. शटर कुठल्या दिशेला उघडतं आणि बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यातले विरघळलेले क्षार, किती तेही कळवा. शटर पश्चिमेला असेल तर त्याच्यासमोर छपरी काढावी लागेल आणि कूलरची जागा बदलेल, ते आकडे आल्यावर सांगतो.